धुरेची जोडी

देल्फीनच्या घराखालचा कडा समुद्रानं आणखी चार पावलं खाल्ला, ही बातमी रोसामेलला गोठ्यात कळली. ऐकल्या ऐकल्या त्याला बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याची लाज वाटली, आणि अशी लाज वाटायची वेळ आणली म्हणून पुन्हा देल्फीनचाच राग आला. असा हा माणूस होता. साऱ्या बेटावर त्याच्याइतका देवभीरू दुसरा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःही कधी नाकारत नसे.

एप्रिल लागला होता, म्हणजे दक्षिणेकडच्या या बेटावर थंडी तोंडावर आली होती. बटाटे निघाले होते, सफरचंदं पिळून झाली होती. उत्तरेचा वारा सुटला की तीन-तीन दिवस पाऊस घेऊन बेटावर घोंघावत राही आणि खाली लाटा कड्याची माती कुरतडत बसत. देल्फीनची परसबाग गेली, मग डुकराचं खोपटं गेलं. आता मागच्या भिंतीपासून कडा आठ पावलांवर आला होता. देल्फीनची बायको रात्री पोरांना पुढच्या खोलीत निजवायची आणि स्वतः जागी राहायची.

"आता घर हलवावंच लागणार," ऑर्फेलिना दूध काढता काढता म्हणाली. ऑर्फेलिना म्हणजे रोसामेलची बायको. "येईल तो विनवणीला. नाही म्हणू नका."

"मी कुणाला कधी नाही म्हटलंय?"

"म्हणत नाही हो. पण म्हटल्यासारखं तोंड करता."

रोसामेलनं शेणाचं घमेलं उचललं आणि बाहेर गेला.

दुखणं जुनं नव्हतं, जानेवारीतलंच होतं. लिनलाव बेटावर पाद्री वर्षातून दोनदा लाँचनं यायचा. मधल्या दिवसांत देवाचं सगळं फिस्कल बघायचा. रविवारी प्रार्थना सांगायची, मरणाऱ्याच्या उशाशी बसायचं, एखादं तान्हं जगेलसं दिसत नसलं तर पाणी शिंपडून त्याला नाव द्यायचं. फिस्कल गावातलाच असतो आणि एकदा झाला की मरेपर्यंत असतो. जुना फिस्कल गेल्या थंडीत गेला. त्याच्या मागं कोण, हा प्रश्न रोसामेलला पडलाच नव्हता. त्याला नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, सगळ्या नोव्हेना, पाठ होत्या. संतांची लितानी तो झोपेत म्हणायचा, आणि झोपेतही एक संत गाळायचा नाही. चॅपलच्या छपराची लाकडी कौलं त्यानं दोनदा स्वतःच्या हातानं बदलली होती. पाद्री येणार त्या आठवड्यात त्यानं काळ्या कोटाची बटणंसुद्धा ऑर्फेलिनाकडून घट्ट करून घेतली.

पाद्री आला. दोन दिवस घरोघर फिरला आणि घरातल्या एकेकाला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. मग रविवारी चॅपलच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, देल्फीन.

देल्फीन! चाळिशीचा, गोल पोटाचा, पुढचा एक दात नसलेला, कशालाही हसणारा. त्याला धड वाचता येत नव्हतं. एकदा मयताच्या घरी त्यानं गंभीरपणे लग्नातली प्रार्थना सुरू केली आणि विधवेलाच हसू फुटलं. ही गोष्ट लोक अजून एकमेकांना प्रेमानं सांगत. रोसामेलनं अशी चूक केली असती तर? पण रोसामेल चूक करत नव्हता, हीच पंचाईत होती. चूक न करणाऱ्या माणसाची गोष्ट कोण सांगत बसतो?

घराच्या विनवणीला एक रीत असते. रस्त्यात, शेतात, होडीत विनवणी होत नाही. ज्याला मदत हवी त्यानं समोरच्याच्या घरात यायचं, चुलीपाशी टोपी काढून उभं राहायचं आणि मागायचं. अख्खं लाकडी घर ओढून न्यायच्या अशा कामाला मिंगा म्हणतात, आणि ते सगळं गाव मिळून करतं, पण प्रत्येकाला वेगळं जाऊन विनवावं लागतं. एकही चूल सुटली की त्या घराचा अपमान होतो.

देल्फीन मंगळवारी आला. त्याला फाटकातून येताना पाहून रोसामेल मागच्या दारानं गोठ्यात सटकला. "कालवं काढायला गेलेत म्हणून सांग," त्यानं ऑर्फेलिनाला बजावलं. दीड तास तो वासराच्या वासात उभा राहिला. पाय आखडले. परत आला तेव्हा चुलीजवळ सोललेल्या बटाट्यांची टोपली भरलेली होती.

"बसला होता बिचारा. रिकामं बसवेना त्याला," ऑर्फेलिना म्हणाली. "किती पातळ साल काढतो हो! तुमच्यासारखा निम्मा बटाटा डुकराला नाही घालत."

गुरुवारी देल्फीन पुन्हा आला. यावेळी रोसामेल चुलीसमोर चामड्याची वादी कापत बसला होता, पळायला जागा नव्हती. देल्फीननं टोपी काढली. त्याच्या थोरल्या मुलीचा धर्मपिता रोसामेल होता, त्यामुळे दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे लागत. रक्ताच्या नात्यापरीस घट्ट नातं, आणि तेही चॅपलमध्ये जोडलेलं.

"कोम्पाद्रे, विनवणीला आलोय," देल्फीन म्हणाला. "घर वर बहिणीच्या माळावर न्यायचंय. पुढच्या शनिवारी. बैलांच्या बारा जोड्या लागतील. तुमची जोडी धुरेला असली तर मला जिवाला स्वस्थता."

रोसामेलनं वादी ताणून पाहिली. "रविवारी तू जपमाळेतलं चौथं रहस्य गाळलंस."

"गाळलं?"

"क्रूस खांद्यावर द्यायच्या आधीच तू येशूला क्रुसावर चढवलंस."

देल्फीन खो खो हसला. "बरंय की. तेवढी एक चढण वाचली बिचाऱ्याची."

ऑर्फेलिनानं पदराआड तोंड लपवावं तसं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. रोसामेलची कानशिलं तापली.

"हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही ही."

"नाही, नाही. खरंय तुमचं." देल्फीन चटकन गंभीर झाला. "मला जमत नाही हो ते. तुम्ही शेजारी उभे राहा ना. तुम्ही म्हणा, लोक तुमच्या मागं म्हणतील. मी घंटा वाजवतो, मेणबत्त्या बघतो. मला तेवढंच बरं."

तो मनापासून बोलत होता. रोसामेलला तेच सोसलं नाही. जी जागा मला मिळायला हवी होती, ती हा मला उरल्यासुरल्या भाकरीसारखी देतोय, असं त्याला वाटलं.

"फिस्कल तू आहेस. तुझं तू निस्तर," तो म्हणाला. "बैल आणीन. रिकामा जाणार नाहीस."

"आणि कोम्पाद्रे, हाक तुम्हीच द्यायची. तुमच्यासारखा आवाज बेटावर कुणाचा नाही."

रोसामेलनं मान हलवली. देल्फीन गेल्यावर तो बराच वेळ वादी कापायला विसरला. बारा जोड्या, शंभर माणसं, आणि सगळी एका माणसाच्या हाकेवर. रात्री जेवताना त्यानं मटण दोनदा मागून घेतलं.

पुढचे आठ दिवस सगळ्या बेटाचे हात देल्फीनच्या घराला लागले. दारं-खिडक्या उतरवल्या. चूल बाहेर काढली. भिंती आतून तिरप्या फळ्यांनी आवळल्या, म्हणजे वाटेत घर मुरडायला नको. पायाचे दगड एकेक करून काढले आणि खाली दोन लांब तुळया सारल्या. तुळयांच्या खाली गोल ओंडके. वर चढताना तुळया घसराव्यात म्हणून खाडीतून ओलं शेवाळ आणून ढीग घातला.

रोसामेल सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या नंतर जायचा. लूमाचं लोखंडासारखं लाकूड त्यानं तीन दिवस तासलं आणि तुळया उचकायचे, पहारीसारखे वीस दांडे तयार केले. तळहाताचे फोड फुटले, त्यावर त्यानं चरबी चोळली. कुणी बघतंय का हे पाहायला तो मान वर करी, तेव्हा सगळे देल्फीनभोवती असत. आणि देल्फीन काय करत असे? क्लोरिंदा आजीला चिचाचा पेला धरून देत असे. सफरचंदाची आंबट दारू, तीही त्याच्या बायकोनं केलेली. म्हातारीचे हात थरथरत, म्हणून पेला याच्या हातात. एवढंच काम!

एकदा क्लोरिंदा आजी काठी टेकत रोसामेलपाशीही आली. नव्वदीच्या पुढची होती, बेटावरची निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती.

"किती रे राबतोस रोसामेल," ती म्हणाली. "अगदी बैलासारखा."

ही स्तुती होती की काय होतं, याचा विचार करण्यात त्याचे दोन दिवस गेले.

शनिवारी उजाडलं तेव्हा आभाळ स्वच्छ होतं, पण उत्तरेला खाली एक काळपट पट्टी धरली होती. रोसामेल अंगणात बैल जुंपत होता. बान्देरा तांबडा, पालोमो पांढरा. शिंगांना जू घट्ट आवळायला दोन माणसं लागतात. ऑर्फेलिना पलीकडून वादी ओढत होती. या बैलांना वासरं असल्यापासून तिनंच बटाट्याची सालं चारली होती.

"बारा वाजेपर्यंत वाटेतली खोलगट आणि पुढची चढण पार व्हायला हवी," रोसामेल म्हणाला. "दुपारनंतर पाऊस येतोय. त्या शहाण्यानं विनवणीला आठ दिवस लावले नसते तर..."

"त्यातला एक दिवस तुम्ही गोठ्यात होतात."

"तेच ते! सगळ्यांना त्याचाच पुळका. मला एकदा कळायला हवं, पाद्रीला त्याचं नाव कुणी सांगितलं. या बेटावर एवढी गाढवं आहेत हे मला माहीत नव्हतं."

ऑर्फेलिनानं वादीची गाठ मारली. वर न बघताच म्हणाली, "मी सांगितलं."

"काय?"

"मला विचारलं पाद्रीनं. मी देल्फीन म्हणाले."

रोसामेल जुवाखाली हात घालून तसाच उभा राहिला. बान्देरानं मान हलवली तेव्हा त्याची बोटं चेपली, तरी त्याला ते उशिरा कळलं.

"माझी बायको असून."

"असून म्हणजे? खोटं सांगायचं होतं का पाद्रीला?" तिचा आवाज चढला नव्हता. "माझी आई एकोणीस दिवस मरत होती. तुम्ही रोज तिच्या पायथ्याशी उभं राहून लितानी म्हणायचात. एकही चूक नाही, खरंय. आणि देल्फीन यायचा, तिचं हगल्या-मुतल्याचं भांडं उचलायचा, खाडीवर धुऊन आणायचा, आणि तिला कालवांच्या गोष्टी सांगून हसवायचा. एकोणीस दिवस. पाद्रीनं विचारलं, मरणाऱ्याजवळ कोण बसतं? मी काय सांगायचं?"

"मला सांगितलं असतंस तर मी नसतं का उचललं भांडं?"

"सांगायला लागलं असतं ना," ऑर्फेलिना म्हणाली आणि शिदोरीची टोपली घ्यायला आत गेली.

वाटभर तो बैलांच्या पुढं, बैल हाकायची लांब पराणी खांद्यावर टाकून, चालत राहिला. त्याला सगळ्यात जास्त कशाचा राग आला होता? भांड्याचा. एका भांड्यानं त्याच्या तीस वर्षांच्या लितान्या खाल्ल्या होत्या, आणि ते भांडं तर त्याच्या स्वतःच्या घरातलं होतं.

देल्फीनच्या कड्यावर सगळं बेट जमलं होतं. सहा जोड्या डाव्या तुळईला, सहा उजव्या. धुरेची जोडी घराच्या अगदी पुढ्यात, सगळा भार आधी तिच्या मानेवर. उजव्या धुरेला रोसामेल, आणि हाकही त्याचीच. डाव्या रांगेत सगळ्यात पुढं वेंचूर नावाचा तापट गडी. दांडेकरी दोन्ही बाजूंना, मागून तुळया उचकायला. उजव्या बाजूच्या पहिल्या दांड्यावर, घराच्या पुढच्या कोपऱ्यापाशी, खुद्द देल्फीन होता. घर ज्याचं त्यानं चिखलात राबायचं, असं त्याचं म्हणणं होतं.

देल्फीननं टोपी काढून प्रार्थना म्हटली. अर्ध्यात अडकला, रोसामेलकडे पाहिलं. रोसामेलला पुढचे शब्द येत होते. तो आभाळाकडे बघत राहिला. शेवटी क्लोरिंदा आजीनंच "आमेन" म्हणून प्रकरण मिटवलं आणि सगळे हसले.

"होऽऽ," रोसामेलनं हाक घातली. आवाज खाडीपलीकडे गेला. साखळ्या ताठ झाल्या. "होऽऽ... ओढा!"

चोवीस बैलांनी माना खाली घातल्या. घर कण्हलं, आतल्या फळ्या करकरल्या आणि ते हललं. बायकांनी आरोळी ठोकली. घर निघालं होतं. दाराच्या जागी नुसतं चौकोनी भोक, आणि त्यातून पलीकडचा समुद्र दिसत होता.

पहिले दोन तास रोसामेल सुखात होता. हे खरंच सांगायला हवं. त्याच्या हाकेवर बैल थांबत, त्याच्या हाकेवर चालत. कुठल्या जोडीनं श्वास घेतलाय, कुठली साखळी सैल आहे, डावी तुळई किती बोटं पुढं गेलीय, हे सगळं त्याला पाठीला डोळे असल्यासारखं कळत होतं. देल्फीनला तो विसरला होता. मागून ओंडके निघत, पुढं येऊन पडत, घर वीतभर, हातभर, पाच हात सरकत होतं. बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघत होती.

अकराच्या सुमारास खोलगटीच्या तोंडाशी दम घ्यायला थांबले. चिचाचा घडा फिरला. उत्तरेची काळी पट्टी आता अर्ध्या आभाळावर आली होती. समोर चढण होती, शेवाळानं हिरवी केलेली.

"फिस्कलचं घर आहे," क्लोरिंदा आजी म्हणाली. "बैल कुठले, देवच ओढतोय."

"मग देवाला पेंड कोण घालणार?" देल्फीन म्हणाला, आणि माणसं चिचा सांडेपर्यंत हसली.

वेंचूरनं पेला उंच केला. "देल्फीनसाठी!"

"देल्फीनसाठी!" सगळे ओरडले. त्यात ऑर्फेलिनाचा आवाज रोसामेलनं वेगळा ओळखला.

ते पुन्हा ओढायला लागले. रोसामेल हाक घाली आणि "ओढा" म्हणायच्या जागी लोक एका तोंडानं "देल्फीनसाठी!" म्हणत. एकदा, दोनदा, पाच वेळा. हाक याची, नाव त्याचं. चढणीच्या मध्यावर त्यानं पुन्हा "होऽऽ" केलं, मागून सगळं बेट ओरडलं, आणि त्याच्या हातानं पराणी आडवी धरली. बान्देरा आणि पालोमोच्या नाकांसमोर. बैलांना एवढं पुरतं. दोघांनी पाय रोवले.

तीन श्वास, जास्त नाही. हाताला माहीत होतं आणि डोक्यालाही माहीत होतं. पुढून पाच जोड्या ओढत होत्या पण धुरेची अडली म्हणजे उजवी बाजू खिळली. डावी बाजू तशीच जोरात वर गेली. घर फिरलं. उजवी तुळई ओंडक्यावरून निसटून चिखलात रुतली, छपराची कौलं पत्त्यांसारखी खाली आली, आणि दांडा उसळला. मग एक आवाज आला, तो लाकडाचा नव्हता.

देल्फीन चिखलात बसला होता. डाव्या हाताकडे बघत होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दांडा आणि तुळईच्या मध्ये सापडून चपटी झाली होती. तो ओरडला नाही. त्याचं तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं. त्याची बायको धावत आली, तिनं डोक्याचा रुमाल काढून हात गुंडाळला. रुमाल लगेच लाल झाला.

"काय झालं? कुठली जोडी थांबली?" वेंचूर वरून धावत आला.

देल्फीननं मान वर केली आणि रोसामेलकडे पाहिलं. तो दांड्यापाशी वाकला होता, तिथून धुरेच्या बैलांची शिंगं आणि त्यांच्यापुढची वाट सरळ दिसत होती. त्यानं पराणी पाहिली होती. रोसामेलला ते त्या नजरेतच कळलं.

"माझाच दांडा चुकला," देल्फीन म्हणाला. "घाईनं आत सारला. चला, आवरा, पाऊस येतोय."

"अरे बाबा!" क्लोरिंदा आजी हळहळली. "हात गेला पोराचा, आणि वर म्हणतो चूक माझी."

बायका डोळे पुसायला लागल्या. कुणी त्याच्या तोंडाला चिचा लावली, कुणी पाठीवर हात फिरवला. रोसामेल तिथंच उभा होता, पराणी धरून, आणि त्याच्याकडे कुणी पाहतसुद्धा नव्हतं. भीती वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच. या माणसानं त्याची जागा घेतली, बायकोचं मत घेतलं, हाकेतलं नाव घेतलं. आता रोसामेलचं पापही यानंच उचललं आणि त्यावर लोकांचे अश्रू मिळवले. माझं म्हणून काही ठेवणार आहे की नाही हा?

"मी अडवले बैल!" रोसामेल ओरडला.

सगळे वळले. त्यानं टोपी काढून चिखलात फेकली. "दांडा चुकला नाही. मी पराणी आडवी घातली. मुद्दाम घातली. त्याचं चांगलं मला बघवत नाही, म्हणून घातली!"

बोलताना त्याची छाती मोकळी झाली. मनाच्या एका कोपऱ्यात असंही आलं की आता कुणीतरी म्हणेल, बघा, एवढं कबूल करायला केवढी छाती लागते. शेजारच्या जोडीवाला थुंकला. वेंचूर सरळ आपल्या बैलांपाशी गेला आणि साखळी काढायला लागला.

"असल्याच्या हाकेवर माझे बैल चालायचे नाहीत."

त्याचं बघून दुसऱ्यानं साखळीला हात घातला, मग तिसऱ्यानं. वाऱ्याबरोबर पावसाचे पहिले थेंब आले. घर चढणीवर तिरकं उभं होतं, एक कोपरा चिखलात, दारं नाहीत, छपराला भोक.

तेव्हा देल्फीन उठला. रुमालातला हात छातीशी धरून तो रोसामेलसमोर आला, आणि या माणसाच्या तोंडून कुणी कधी ऐकल्या नव्हत्या अशा शिव्या त्यानं घातल्या. रोसामेलच्या आईपासून सुरुवात केली.

"कोण बोल म्हणालं तुला?" तो ओरडला. तोंडातलं 'तुम्ही' गेलं, 'कोम्पाद्रे' गेलं. "तुझी अब्रू राखायला झाकलं होतं का मी? माझी चार पोरं आहेत! आज रात्री छप्पर डोक्यावर हवं होतं म्हणून झाकलं! संध्याकाळी यायचं होतंस, चुलीपाशी, मी एकटा असताना, आणि सांगायचं होतंस. तेव्हा तुझं थोबाड फोडलं असतं आणि विषय संपला असता. पण नाही! तुला सगळ्यांसमोर सांगायचंय. चुकीतसुद्धा तुला पुढची जागा पाहिजे! आता घे पुढची जागा. ही घे. ओढ एकटा!"

तो रडत होता. दुखण्यानं, रागानं, नाकातून पाणी ओठांवर येत होतं आणि ते पुसायला त्याच्याकडे मोकळा हात नव्हता. रोसामेल बघत राहिला. हसणारा, सोसणारा, भांडी उचलणारा देल्फीन त्याला माहीत होता, त्याचाच त्यानं चार महिने दिवसरात्र हेवा केला होता. हा समोरचा माणूस घाबरलेला होता. त्याच्याजवळ हेवा करावा असं काहीच नव्हतं, एक वाकडं घर होतं.

रोसामेलला बोलायचं होतं. क्षमेची प्रार्थना त्याला तीन प्रकारांनी पाठ होती.

मग तो ऑर्फेलिनाकडे गेला. ती बायकांच्या घोळक्याच्या पुढं उभी होती, तिच्या चेहऱ्याकडे बघायचं त्यानं टाळलं. पराणी तिच्या हातात दिली.

"तू हाक."

"मी? बाईमाणसानं कधी घर हाकलंय?"

"बैल तुझं ऐकतात," तो म्हणाला. "माझी हाक आता कुणी घेणार नाही."

आणि तो खाली गेला. देल्फीनचा दांडा रक्तानं आणि चिखलानं निसरडा झाला होता, तो त्यानं पँटला पुसला. उजवी तुळई जिथं रुतली होती तिथं गुडघे टेकले, हातांनी चिखल उपसायला सुरुवात केली. वरून त्याची फक्त पाठ दिसत असावी, थोड्या वेळानं तीही दिसेनाशी झाली.

"ज्यांना सोडायचेत त्यांनी बैल सोडा," ऑर्फेलिनाचा आवाज आला. "मी या दोघांवर ओढते. गेलं तर गेलं, नाही तर मीही इथंच पावसात बसते."

"येडी झालीस काय," वेंचूर म्हणाला. "दोन बैलांनी घर जातंय होय?"

"मग लाव की साखळी! तोंड काय चालवतोस?"

मग साखळी वाजली.

"देल्फीनसाठी लावतोय," वेंचूर म्हणाला. "त्याच्यासाठी नाही."

दुसरी साखळी वाजली. तिसरी. रोसामेलच्या दोन्ही बाजूंना दांडेकरी येऊन बसले. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. एकानं कोपरानं त्याला बाजूला सारलं, म्हणजे आपला दांडा बसावा. तो सरकला.

"होऽऽ," ऑर्फेलिनानं हाक घातली. मध्येच आवाज चिरकला, आणि चढणीवर कुणीतरी हसलं. हसणं पसरलं. त्यात देल्फीनचंही हसणं होतं, ओलं आणि दुखरं. "होऽऽ... ओढा!"

चुकीचं होतं. "ओढा" अर्धा श्वास उशिरा आलं. साखळ्या ताठ होताच यायला हवं, बैलांच्या माना खाली जाईतो थांबायचं नसतं. रोसामेलला ते इतकं लागलं की त्यानं ओरडून सांगायला तोंड उघडलं. तोंडात चिखल गेला. तुळई चार बोटं वर आली होती, ओंडका आत सारायला हीच वेळ होती. त्यानं खांदा दांड्याखाली घातला आणि ओंडका सारला. घर कण्हलं. तुळई ओंडक्यावर बसली.

"वा गं ऑर्फेलिना!" वर माणसं ओरडली. "वा गं बाई!"

तिचाही हेवा वाटला त्याला. गंमत म्हणजे आता त्याला त्याचं नवल वाटलं नाही. तो येणारच होता, जसा पाऊस येणारच होता. दांडा धरायला दोन्ही हात लागत होते, त्यामुळे हेव्याशी बोलत बसायला सवड नव्हती.

"आणखी एकदा! होऽऽ..."

"देल्फीनसाठी!" सगळं बेट ओरडलं.

"देल्फीनसाठी," तुळईखालून रोसामेलही म्हणाला. वर कुणालाच ऐकू गेलं नाही. कुणी ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. मग त्यानं दांडा उपसला आणि हातभर पुढं, पुन्हा चिखलात खुपसला.